नवा रिसीव्हर, छताचा पंखा आणि आईच्या मालिका

शेवटी घेतला एकदाचा एव्ही रिसीव्हर, म्हणजे टीव्हीचा आवाज घेऊन वेगवेगळ्या स्पीकरना वाटून देणारा डबा. ७.२ चॅनलचा (सात स्पीकर आणि दोन सबवूफर, म्हणजे खास बेसचे स्पीकर, जोडता येतील असा), जपानी ब्रँड, त्यांच्या रेंजमधला खालून दुसरा की तिसरा, किंमत पाऊण लाखाच्या जरा इकडेतिकडे. नाव मुद्दाम लिहीत नाहीये, कारण डेनॉन की यामाहा की ओंक्यो असं एकदा सुरू झालं की दोन पार्ट्या पडतात आणि मूळ मुद्दा राहतो बाजूला. आणि खरं सांगायचं तर या रेंजमध्ये सगळे डबे बऱ्यापैकी सारखेच. मागे तीच एचडीएमआयची रांग, तेच लाल-काळे टर्मिनल, समोर तोच गुळगुळीत काळा चेहरा आणि व्हॉल्यूमचा मोठा नॉब, जो फिरवायला भारी वाटतो पण रिमोट असल्यामुळे कोणीच फिरवत नाही.

आमचा डोंबिवलीतला टू बीएचके, हॉल १० बाय १५. एवढ्याशा हॉलला एवढं धूड कशाला, सरळ साउंडबार घे की, हे सगळ्यांनी सांगून झालंय. साउंडबार वाईट नसतो, पण त्यातलं एक बिघडलं की सगळंच भंगारात. इथे स्पीकर वेगळे, सब वेगळा, डबा वेगळा, दहा वर्षांनी डबा बदलला तरी स्पीकर तेच राहतात. माझे पुढचे दोन बुकशेल्फ (फळीवर मावणारे छोटे) स्पीकर किती जुने आहेत ते सांगितलं तर बायको म्हणेल मग नवीन काय घेतलं.

आता मुद्द्याची गोष्ट. दुकानात डेमो लावतात तेव्हा डोक्यावरून हेलिकॉप्टर जातं, काचा फुटतात, सोफा हादरतो, आणि आपण त्या धमाक्यावर भाळून कार्ड काढतो. घरी आल्यावर पहिले काही दिवस तेच सीन लावून पाहुण्यांना दाखवायचे, आणि मग ते बंद होतं. कारण रोज संध्याकाळी आपल्या घरात कोणी हेलिकॉप्टर बघत नाही. रोज लागतात आईच्या मालिका, बातम्या, रात्री आमची एखादी वेबसिरीज, रविवारी मॅच. आणि या सगळ्यात या डब्याने सगळ्यात मोठं काय केलं असेल तर माणसं काय बोलतायत ते कळायला लागलं, बस.

हे ऐकायला फार किरकोळ वाटतं पण नाहीये. आताचे टीव्ही इतके बारीक झालेत की स्पीकरला जागाच नाही, ते खाली नाहीतर मागे भिंतीकडे तोंड करून बोलतात. वरून सिरीजवाले बॅकग्राउंड म्युझिक असं चढवतात की हिरो कुजबुजला की आवाज वाढवा, मारामारी आली की धावत जाऊन कमी करा. रिमोट हातातून सुटायचाच नाही. ५.१ मिक्समध्ये (पाच स्पीकर आणि एक सब धरून बनवलेल्या आवाजात) संवाद बहुतेक सगळे मधल्या सेंटर स्पीकरमधून येतात, आणि रिसीव्हरमध्ये त्या एकाच स्पीकरची लेव्हल वेगळी वाढवता येते. आईला हल्ली ऐकायला जरा कमी येतं, तिच्यासाठी सेंटर ३ डीबीने (डेसिबल, आवाजाचं माप) वर केला. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, "अरे, आज सगळी नीट बोलतायत." मालिकेतल्या लोकांना वाटलं असेल तोंड सुधारलं आपलं.

मालिका सेट-टॉप बॉक्समधून येतात त्या साध्या स्टिरिओच असतात, तिथे रिसीव्हरचा डॉल्बी सराउंडचा अपमिक्सर, म्हणजे दोन चॅनलचा आवाज सगळ्या स्पीकरवर पसरवणारी सोय, लावून ठेवलाय. डाव्या-उजव्या दोन्हीकडे जे सारखं असतं ते तो मध्ये ओढतो, आणि संवाद नेमके तेच असतात. जुने ब्लॅक अँड व्हाइट मराठी सिनेमे तर मोनोच, त्यांचा पूर्ण आवाज सेंटरमधून येतो आणि बाकीचे स्पीकर गप्प. पाहुणे विचारतात एवढे स्पीकर लावले आणि एकच वाजतोय? हो, आणि तेच बरोबर आहे. नाटकांच्या रेकॉर्डिंगला मात्र काही फरक नाही पडत, लांबून माइक धरून घेतलेलं घुमणारं रेकॉर्डिंग कुठल्याही डब्यातून घुमणारच.

रात्रीसाठी डायनॅमिक रेंज कमी करायची सेटिंग आहे, बारीक आवाज वर येतात आणि मोठे दबतात. थिएटरची मजा गेली असं शौकीन लोक म्हणतील, म्हणू देत. त्यांच्याकडे शेजारच्या खोलीत झोपलेलं मूल नसेल.

व्हॉल्यूमचा एक किस्सा. या रिसीव्हरवर आवाज मायनसमध्ये दिसतो, -३५, -४० असा. म्हणजे ० ही थिएटरची रेफरन्स लेव्हल, जिथे एकेका चॅनलचा कडकडाट १०५ डीबीपर्यंत जाऊ शकतो, आणि आपण घरात तिच्या कितीतरी खाली असतो. आईला एवढंच कळलं की आकडा मोठा म्हणजे आवाज मोठा. ती म्हणायची चाळीस कर, मी करायचो, आवाज अजून कमी व्हायचा. ती म्हणायची अरे पंचेचाळीस कर, अजून कमी. सेटिंगमध्ये स्केल बदलून ०-९८ करता येतं हे सापडलं तेव्हा घरात शांतता झाली. त्यात जुनं ० म्हणजे ८०, तर आमचं घर आता ४५ वर चालतं.

वॅटबद्दल लिहितोच, कारण ऑफिसात कोणालाही सांगितलं रिसीव्हर घेतला की पहिला प्रश्न, किती वॅटचा? खोक्यावर १५० च्या पुढचा काहीतरी आकडा छापलेला असतो, त्याच्याखाली मुंगीएवढ्या अक्षरात लिहितात की ६ ओहम, १ किलोहर्ट्झ, एकच चॅनल चालू, १० टक्के डिस्टॉर्शन (आवाज फाटणं), म्हणजे आकडा फुगेल अशाच अटी. मॅन्युअलमध्ये खरा आकडा सापडतो, ८ ओहमला, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ, दोन चॅनल चालू असताना ८० वॅट. आणि हे ८० सुद्धा आमच्या हॉलला डोक्यावरून पाणी आहे. माझे स्पीकर १ वॅटला १ मीटरवर ८८ डीबी देतात, सोफा तीन मीटरवर पण नाही, म्हणजे रोजच्या आवाजाला पूर्ण एक वॅट पण लागत नाही. आवाज कानाला दुप्पट वाटायला १० डीबी लागतात आणि १० डीबीला दहापट वॅट, त्यामुळे ८० वॅट आणि १०० वॅट यात फरक पडतो जेमतेम १ डीबीचा, जो डोळे मिटून कोणी सांगू शकणार नाही. त्या वीस वॅटसाठी पुढचं मॉडेल घेणाऱ्याने ते पैसे सेंटर स्पीकरवर घालावेत हे माझं मत, आणि ते बदलणार नाही.

वायर मुंबईतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारातून, लॅमिंग्टन रोडवरून, आणली. तिथे स्वस्त वायर रग्गड मिळते पण बघून घ्यायची, टोक सोलून एक तार नखाने किंवा ब्लेडने खरवडायची, आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. चालत नाही असं नाही, पण त्याच जाडीला रेझिस्टन्स जास्त आणि वाकवून वाकवून तुटते. १४ किंवा १६ गेजची शुद्ध तांब्याची आपल्या हॉलएवढ्या अंतराला पुष्कळ झाली, मीटरमागे हजारो रुपयांच्या वायरीत काही अर्थ नाही. बनाना प्लग मात्र लावा. उघड्या तारांचा एखादा केसाएवढा धागा बाजूच्या टर्मिनलला टेकला तरी रिसीव्हर प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडतो.

मग आलं कॅलिब्रेशन, आणि इथे खरी गंमत. खोक्यात एक छोटा माइक येतो, तो बसायच्या जागी कानाच्या उंचीवर ठेवायचा, रिसीव्हर एकेका स्पीकरमधून हूऽऽप हूऽऽप असे आवाज काढतो आणि अंतर, लेव्हल, खोलीचा घुमारा सगळं मोजतो. प्रत्येकाचं आपापलं नाव, डेनॉन-मॅरँट्झमध्ये ऑडिसी, यामाहात वायपीएओ, ओंक्योच्या हल्लीच्या काही मॉडेलमध्ये डिराक. कल्पना एकच. अट एकच. खोलीत शांतता पाहिजे. आता डोंबिवलीत शांतता आणायची कुठून? रविवारी जेवणं झाल्यावर, सोसायटी झोपलेली असताना लावलं. पंखा बंद, कारण छताचा पंखा चालू असला की माइकला तो ऐकू येतो आणि स्क्रीनवर येतं की आवाज जास्त आहे. मे महिना, पंखा बंद, खिडक्या बंद, फ्रिजचा प्लग काढलेला, मी बनियनवर, आई आणि बायको आतल्या खोलीत स्थानबद्ध. तिसऱ्या जागेवर माइक असताना खिडकीच्या ग्रिलमध्ये कबुतर येऊन घुमायला लागलं. परत पहिल्यापासून. परत सुरू केलं तर वरच्या मजल्यावर कोणीतरी मिक्सर लावला. शेवटी झालं, पण शर्ट पिळून काढावा अशी अवस्था होती आणि शर्ट मी घातलाच नव्हता.

मोजमाप झाल्यावर दोन गोष्टी हाताने बघाव्या लागतात. एक म्हणजे बुकशेल्फ स्पीकरना रिसीव्हर महाशय लार्ज म्हणून टाकतात, त्यांना स्मॉल करायचं आणि क्रॉसओव्हर ८० हर्ट्झ, म्हणजे त्याखालचा सगळा बेस सबकडे जातो आणि छोट्या स्पीकरचा जीव वाचतो. दुसरं उलटं, म्हणजे हात लावायचा नाही. सब अडीच मीटरवर असताना रिसीव्हरने साडेचार मीटर दाखवलं, लोक याला चूक समजून टेप लावून दुरुस्त करतात. सबच्या आतल्या सर्किटमुळे त्याचा आवाज थोडा उशिरा निघतो, तो उशीर रिसीव्हर अंतर म्हणून धरतो, एवढंच. आहे तसं राहू द्या.

पण सगळ्यात मोठा फरक कशाने पडला असेल तर सतरंजीने. गंमत नाही करत. व्हिट्रिफाइड टाइल, मोकळ्या भिंती, काचेची सरकती दारं, टाळी वाजवली की हॉलमध्ये टण्ण असा आवाज उमटायचा. जाड सतरंजी आणि डबल पडदे लावून परत कॅलिब्रेशन केलं (परत पंखा बंद, परत कबुतर) तेव्हा आवाज जागेवर बसला. रिसीव्हर खोलीशी जुळवून घेतो, खोली बदलणं आपल्याच हातात असतं, आणि ते काम पाऊण लाखाच्या डब्यापेक्षा फार स्वस्तात होतं.

सबचं प्रकरण वेगळंच. १५ फूट लांबीच्या खोलीत साधारण ३८ हर्ट्झच्या आसपासचा सूर भिंतींमध्ये अडकून घुमतो, हे गणित आहे, त्याला इलाज नाही, फक्त सब कुठे ठेवतो त्यावर ते कमीजास्त होतं. जागा शोधायची जुनी युक्ती अशी की सब उचलून सोफ्यावर आपल्या जागी ठेवायचा, बेसवालं गाणं लावायचं, आणि आपण भिंतीकडेने रांगत जायचं. जिथे बेस सगळ्यात स्वच्छ, सारखा ऐकू येतो तिथे सब. मी रांगत असताना बायको भाजी घेऊन आली आणि दारातच थांबली. काही बोलली नाही, पिशव्या घेऊन तशीच किचनमध्ये गेली. तर सगळ्यात चांगली जागा निघाली आईच्या शिलाई मशीनखाली. विचारून बघितलं. "ते मशीन माझ्या लग्नातलं आहे," एवढंच उत्तर मिळालं, सब आता टीव्ही युनिटच्या डाव्या अंगाला आहे, जागा दुसऱ्या नंबरची पण घरात शांतता पहिल्या नंबरची. खाली रबराचे पॅड टाकलेत, तरी खालच्या मजल्यावरच्या काकांना बेस पोचतोच, स्लॅबमधून तो जाणारच, म्हणून दहा वाजल्यानंतरच्या प्रीसेटमध्ये सब ६ डीबी खाली.

डॉल्बी ॲटमॉसचं, म्हणजे डोक्यावरूनही आवाज आणणाऱ्या प्रकाराचं काय, असं विचाराल. ५.१.२ लावलंय, म्हणजे वरचे दोन स्पीकर. दुकानदार स्पीकरवर ठेवायचे, छताकडे तोंड करून आवाज उडवणारे मॉड्यूल गळ्यात मारत होता. आपल्या घरांमध्ये त्यात एक अडचण आहे जिचा कुठल्याच ब्रोशरमध्ये उल्लेख नसतो, ती म्हणजे छताचा पंखा. आवाज जिथे आपटून खाली यायचा नेमका त्याच भागात पाती फिरतायत. शिवाय पीओपीची नक्षी, झुंबर, ट्यूबलाइट. त्यापेक्षा दोन छोटे स्पीकर समोरच्या भिंतीवर छताजवळ ठोकले, फ्रंट हाइट म्हणून. पाऊस खरंच वरून पडल्यासारखा वाटतो, आणि विमानतळाची घोषणा वरून येते. तरी सांगतो, बजेट कमी असेल तर आधी हेच गाळा. ५.१ नीट बसवलेलं बरं, अर्धवट ॲटमॉसपेक्षा.

आता तक्रारी. गरम होतो. नुसता चालू असला तरी वरून हात ठेवला की चांगला उबदार, दोन तास सिनेमा चालला तर त्याहून जास्त, यात बिघाड काही नाही, या डब्यांची जातच ती. वर मोकळी जागा पाहिजे. आमचं टीव्ही युनिट बंद कप्प्याचं, मिस्त्रींना बोलावून मागची प्लाय कापून घेतली, ते म्हणाले साहेब एवढं चांगलं सनमायका कापायचं? कापा. एवढं करून एका संध्याकाळी ऑफिसमधून येतो तर रिसीव्हरवर क्रोशाचा पांढरा रुमाल, चारी बाजूंनी झालर सोडलेला, वर पितळेचा गणपती. धूळ बसते म्हणून. रिसीव्हरच्या वरच्या, हवा जायच्या जाळ्यांवर आपल्या हातानं विणलेलं काहीतरी घालावं असं आईला मनापासून वाटलं होतं, त्यामुळे नाही म्हणताना जीव वर-खाली झाला. तह असा झाला की रुमाल सबवर आणि गणपती सेंटर स्पीकरच्या बाजूच्या फळीवर. सबवर तो रुमाल बरा दिसतो खरं तर, फक्त बेसला झालर थरथरते.

दुसरी तक्रार एचडीएमआयची. एका वायरीतून टीव्हीचा आवाज उलटा रिसीव्हरकडे आणायची सोय म्हणजे आर्क, ती २००९ च्या एचडीएमआय १.४ पासून आहे, आणि तिची मोठी बहीण ई-आर्क २०१७ च्या २.१ बरोबर आली. लोक घाबरवतात की टीव्हीला ई-आर्क नसेल तर ॲटमॉस विसरा. तसं नाहीये, स्ट्रीमिंगचा ॲटमॉस डॉल्बी डिजिटल प्लसमध्ये येतो आणि तो साध्या आर्कमधून जाऊ शकतो, टीव्ही तो पुढे सोडत असेल म्हणजे झालं. टीव्हीमार्फत ब्ल्यू-रे डिस्कवरचा ट्रूएचडी, म्हणजे दर्जा न घटवता साठवलेला आवाज, हवा असेल तरच ई-आर्क लागतो. माझा वैताग वेगळा आहे, एका रिमोटने सगळं चालू-बंद व्हावं म्हणून जे सीईसी असतं ते मूड असेल तसं चालतं. टीव्ही लावला की रिसीव्हर उठतो, बहुतेक वेळा. कधी उठतो पण इनपुट भलताच, कधी सेट-टॉप बॉक्स बंद केला की दोघंही झोपतात. यात नक्की कोणाचा दोष ते तीन कंपन्यांपैकी कोणीच सांगत नाही, प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. आईला मी तीन वाक्यांत सांगून ठेवलंय, आवाज आला नाही तर सगळं बंद कर, दहा आकडे मोज, परत लाव. चालतं.

तिसरी म्हणजे रिमोट. पन्नासेक बटणं, त्यातली घरात सहा लागतात. त्या सहांवर रंगीत टिकल्या चिकटवल्यात. लाल टिकली मालिका, हिरवी सिनेमा, पिवळी रात्र.

गाण्यांना काय, तर गाणी मी डायरेक्ट मोडमध्ये (रिसीव्हरचं प्रोसेसिंग टाळून) दोनच स्पीकरवर ऐकतो, सराउंडमध्ये तबला मागून आला की मला करमत नाही. कमी आवाजात मात्र एक सेटिंग कामाला येते जी आवाज खाली गेला की बेस आणि थोडं सराउंड आपोआप वाढवते. आपला कानच हळू आवाजात बेस कमी ऐकतो, फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे आलेख काढून दाखवलंय, आणि ९० वर्षांनी त्याचा फायदा असा की सकाळी सहाला आईचे अभंग हळू लावले तरी पखवाज पखवाजासारखा वाजतो.

गणपतीत सगळी भावंडं जमणार आणि त्यांना कराओके पाहिजे. रिसीव्हरला गाण्याच्या माइकचं इनपुट नाही, समोर जे माइकचं भोक आहे ते फक्त कॅलिब्रेशनचं. त्यामुळे एक छोटा मिक्सर घेऊन मागच्या ॲनालॉग इनपुटला जोडायचा आणि डायरेक्ट मोड लावायचा, नाहीतर प्रोसेसिंगमध्ये आवाज जरा मागे पडतो आणि गाणारा आपल्याच आवाजाशी भांडत बसतो. मिक्सरचं बघून ठेवलंय. माइक कोणाच्या तरी हातून पडणार हे नक्की, म्हणून त्या दिवशी सबचा प्लग मी आधीच काढून खिशात ठेवणार आहे, खालच्या काकांना आरतीला बोलवायचं असतं आपल्याला.